नाडा बांधलेली तूर

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगते. चहा ओता सगळ्यांना, कारण किस्सा जरा लांब आहे. आणि त्यात माझी जेवढी शोभा झाली तेवढी वैऱ्याचीही होऊ नये! बरं, हसाल तुम्ही. माहीत आहे मला. आमच्या उंद्री गावात तर अजून हसतात.

मी पीएचडी करते. विषय काय, तर तूर. आता तुम्ही म्हणाल, उंद्रीची पोरगी, जन्मभर तुरीत वाढली, आणि एवढी शिकून पुन्हा तूरच? हो, तूरच! कारण आमच्या वावरात मी लहानपणापासून एक गोष्ट पाहत आले. मर रोग येतो. एक झाड उभ्याउभी वाळून जातं आणि त्याला खेटून असलेलं दुसरं मस्त फुलावर असतं. तीच माती, तेच बियाणं, तोच पाऊस. मग हे काऊन मेलं अन् ते काऊन जगलं? बाबांना विचारलं की म्हणायचे, "नशीब हाये ज्याचं त्याचं." मला ते उत्तर कधी पटलंच नाही. डोकं तापट आहे माझं. मी म्हटलं, शोधूनच दाखवते.

तर हे शोधायचं कसं? सोपं करून सांगते, पळू नका. झाडाचं पान घ्यायचं. त्यावरून कळतं, झाडाची कोणती जनुकं जागी आहेत आणि कोणती झोपलेली. मूळ घ्यायचं. त्यात कोणती रसायनं आहेत ते कळतं. मुळाजवळची माती घ्यायची. तिच्यात कोणते जिवाणू नांदतात ते कळतं. तीन वेगळी यंत्रं, तीन वेगळे तक्ते. एकेकटा तक्ता अर्धवटच बोलतो, म्हणून तिन्ही एकत्र करायचे. प्रत्येक जनुकाला एक ठिपका, प्रत्येक रसायनाला एक, प्रत्येक जिवाणूला एक. जे दोन ठिपके बरोबरीनं वाढतात आणि बरोबरीनं घटतात, त्यांच्यामध्ये रेघ. झालं जाळं तयार! ज्या ठिपक्याला सगळ्यात जास्त रेघा, तो त्या जाळ्याचा मालक.

मायला मी हे असं समजावलं होतं. "माय, स्थळ आलं की आपण काय करतो? पोराच्या शेजाऱ्याले विचारतो, त्याच्या मास्तराले विचारतो, त्याच्या ऑफिसातल्याले विचारतो. तिघं एकमेकाले ओळखत नाहीत, तरी तिघं बी एकच सांगतात. मंग समजाचं, खरं हाये."

माय म्हणाली, "समजलं. मंग तुह्यासाठी स्थळ आलं हाये, त्याची चौकशी कधी करू?"

विषय मी तिथंच संपवला.

नमुन्यांच्या पहिल्या हंगामात मी उंद्रीला आले. चाळीस झाडं निवडायची होती, वीस निरोगी आणि वीस मर लागलेली. आठ दिवसांनी येऊन तीच झाडं उपटायची. म्हणजे खुणा करणं आलं. आणि खुणेच्या छापील पट्ट्या कुठं? विद्यापीठात, माझ्या टेबलावर! चिखलीला जाऊन दुसऱ्या आणता आल्या असत्या, पण एवढ्यासाठी एसटीची वाट कोण पाहणार? मी घरातच शोधाशोध केली. देवघरात पूजेच्या लाल नाड्याचं बंडल सापडलं. पेटीत बाबांचं फाटकं पांढरं धोतर सापडलं. वा! निरोगी झाडांना लाल नाडा बांधला, रोगटांना धोतराची पांढरी चिंधी. लांबून बघितलं तरी ओळखू येत होतं. मी स्वतःवरच खूश झाले. जाताना मायला फक्त एवढं सांगितलं, "माय, या झाडाईले जपजो वं. माह्यं सगळं याच्यावरच हाये."

हे वाक्य लक्षात ठेवा. या वाक्यानंच घात केला.

आठ दिवसांनी आले, नमुने घेतले. मी वही फार काटेकोर ठेवते बरं का! त्या दिवशीची नोंद माझ्या हातची आहे, आजही वाचून दाखवते: 'निरोगी झाडांच्या बुडाशी पिवळसर छटा. माती ओलसर. मुंग्यांची लगबग जास्त. रोगट झाडांपाशी यातलं काही नाही.' नोंद केली आणि खाली दोनदा रेघ ओढली. म्हटलं, निरीक्षण असावं तर असं.

तिन्ही तक्ते हाती यायला उन्हाळा उजाडला. तोवर माझी अवस्था बिकट झाली होती. नोंदणीला बरीच वर्षं झाली, दाखवण्यासारखं हातात काहीच नाही. समितीनं स्पष्ट बजावलं होतं, पुढच्या सादरीकरणात ठोस काही दिसलं नाही तर नोंदणी रद्द. म्हणजे गाठोडं बांधून उंद्रीला परत, आणि आल्याबरोबर ते स्थळ! तिन्ही तक्ते एकत्र केले, बटण दाबलं आणि देवाचं नाव घेतलं.

आणि काय सांगू! पडद्यावर असं गच्च जाळं उमटलं की मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. मधोमध एक ठसठशीत ठिपका. तो कशाचा? हळदीतल्या पिवळ्या द्रव्याचा! तुरीच्या मुळाशी हळद! त्याला जोडलेले जिवाणू कोणते? दह्यात असतात ते! आणि झाडाला तहान लागली की जागी होणारी जनुकं? निरोगी झाडांत ती निवांत झोपलेली! तिन्ही तक्ते एकमेकांना ओळखत नाहीत आणि तिन्ही एकच सांगतायत. वीसच्या वीस निरोगी झाडांत हे सगळं, आणि रोगटांत कशाचाच पत्ता नाही.

मी अर्ध्या तासात सिद्धांत मांडून मोकळी! निरोगी तूर स्वतःच्या मुळात हळद तयार करते, त्या हळदीनं बुरशी मरते, दह्यातले जिवाणू मदतीला येतात आणि झाडाला तहानच लागत नाही.

माझ्या मार्गदर्शक मॅडम शांत बाई. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तूर आणि हळद? वैशाली, हे जरा जास्तच चांगलं दिसतंय. नमुन्यात कुठून बाहेरून काही मिसळलं नाही ना?"

"मॅडम, वावर आमचं आहे! तिथं बाहेरचं कोण येणार?"

बघा! उत्तर माझ्याच तोंडात होतं. बाहेरचं कुणी येणार नव्हतंच.

संध्याकाळी मायला फोन लावला. "माय, तुरीत हळद सापडली!"

"सापडली ना? मी म्हनतच होती, फळ भेटन म्हनून. यंदा अजून मनापासून करतो बाई."

मला वाटलं, माय देवाला हात जोडण्याबद्दल बोलतेय. मी म्हटलं, कर बाई कर.

दुसऱ्या हंगामात मॅडमनी खात्रीसाठी पुन्हा थोडे नमुने घ्यायला लावले. तेच वावर, नवी झाडं. आता पट्ट्या होत्या, पण मी म्हटलं, गुण आलेला नाडा कशाला बदला? पुन्हा लाल नाडा, पुन्हा पांढरी चिंधी. नमुने थोडे, म्हणून निकालही लवकर आला. हळद गेल्या वर्षीपेक्षा जास्त! दह्याचे जिवाणू तर किती वाढले म्हणून सांगू! मी मॅडमच्या टेबलावर कागद ठेवला आणि म्हटलं, "एकदा चुकेल मॅडम, दोनदा कसं चुकेल?"

इकडं बाबांनी चिखलीच्या बाजारापासून बीबी गावच्या पाव्हण्यांपर्यंत सगळीकडं बातमी पोचवली होती. माह्या पोरीनं मर रोगाचं औषध काढलं! औषध कुठलं, अजून शोधनिबंधाचा कागदही झाला नव्हता. पण बाबांना कोण अडवणार?

समितीत बाहेरचे एक वयस्कर सर होते. सगळी हयात शेतात गेलेला माणूस. ते म्हणाले, "मी झाड पाहिल्याशिवाय कागद पाहत नाही. आधी वावर दाखव, मग निर्णय देऊ."

दाखवते की! नाडा बांधलेली काही झाडं उपटायची अजून बाकी होतीच, मला तर उलट बरंच वाटलं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी मॅडम आणि सर उंद्रीला आले. अर्धं गाव आमच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जमलेलं. सरपंचांनी शाल-नारळ आणून ठेवला होता. मी पुढं होऊन ऐटीत सांगू लागले, "सर, लाल खूण म्हणजे निरोगी. हे पहिलं झाड आता उपटून दाखवते."

मी खाली वाकले आणि मागून आवाज आला.

"थांब वं! आली तशी उपटाले निघाली? आधी पूजा हू दे!"

वळून बघते तर माय! ठेवणीतलं लुगडं, डोक्यावर पदर, एका हातात ताट, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. ताटात हळद, कुंकू, दही-भात. माझ्या डोळ्यांदेखत तिनं झाडाच्या बुडाशी तांब्या ओतला, हळदीचं बोट लावलं, कुंकू वाहिलं, दही-भाताचा घास ठेवला आणि हात जोडले. मग सराईतपणे पुढच्या नाड्याकडं गेली. पांढरी चिंधी मध्ये आली तसा पदर सावरून वळसा घातला.

मला आधी काही कळलंच नाही. मग एकदम सगळंच कळलं. पिवळसर छटा! ओलसर माती! मुंग्यांची लगबग!

"माय," मी म्हटलं, "हे तू कधीपासून करून राह्यली?"

"काऊन? मागच्या सालापासून. तू नाडा बांधून गेली की रोज पहाटं येतो मी."

"पण काऊन?"

आता माय चिडली. "काऊन म्हंजे? देवघरातला नाडा तूच बांधला ना? तूच म्हने ना, माह्यं सगळं याच्यावरच हाये, जपजो? मंग नाडा बांधलेल्या झाडाले पानी, हळद-कुंकू न वाहता तसंच ठिवू का? मले वाटलं, शिकली-सवरली तरी पोरगी देवाधर्माचं करते. गावात सांगतलं बी मी चार जनीले, कौतुकानं."

"अन् पांढरी चिंधीवाली?"

"त्याईले तं तुनं मढ्याले बांधावं तसं पांढरं बांधलं. तिकडं मी पाहत बी नव्हती."

मॅडमनी दुसरीकडं तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. सर मात्र उघड हसले. इतके हसले की सरपंचांनी त्यांना खुर्ची दिली. "अगं, तुझे तिन्ही साक्षीदार एकाच घरी जेवलेले निघाले की! हळद मुळात, दही मातीत, आणि रोज तांब्याभर पाणी मिळाल्यावर झाडाला तहान कशाला लागेल?"

सगळं गाव हसलं. बाबा शालीकडं बघत होते. आणि मी? मी तिथंच मातीत बसले आणि रडले. खोटं कशाला बोलू, हमसून हमसून रडले. एवढी वर्षं गेली, नोंदणी गेली, सगळं गेलं असं वाटलं.

माय ताट खाली ठेवून शेजारी येऊन बसली. तिचे गुडघे दुखतात, तिला असं खाली बसवत नाही. हळू आवाजात म्हणाली, "माह्या पूजेनं तुह्यं वाटोळं झालं का वं पोरी?"

तिचा राग यायला हवा होता मला. आलाच नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी ही बाई घरापासून वावरापर्यंत रोज पहाटे चालत येत होती, मी डॉक्टर व्हावं म्हणून. आणि मी दोन वर्षांत एकदाही तिला विचारलं नव्हतं, माय, तू झाडांना जपतेस म्हणजे नेमकं काय करतेस? मायवर माझा फार जीव आहे हो, पण तिला विचारायचं मात्र माझ्या डोक्यातच आलं नाही. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि आणखी रडले.

सर खुर्चीतून उठून जवळ आले. "ए पोरी, रडणं पुरे. एक सांग, इथं पूजा होते हे तुझ्या जाळ्याला कुणी सांगितलं होतं का?"

"नाही सर."

"तरी त्यानं हळद पकडली, दही पकडलं, तांब्याभर पाणीसुद्धा पकडलं. आणि तिन्ही एकमेकांना बरोबर जोडून दाखवले. म्हणजे जाळं पक्कं आहे. त्यानं तुझी आई शोधून काढली, फक्त तुला ती ओळखता आली नाही." मग मॅडमकडं वळून म्हणाले, "द्या हिला सहा महिने. वावरात अजून पुष्कळ झाडं आहेत, बिननाड्याची."

सहा महिने! मी डोळे पुसले आणि उभीच राहिले. शाल-नारळ मात्र सरपंचांनी परत नेला. नारळ तरी ठेवायचा होता.

या वेळी मी काही बाकी ठेवलं नाही. चाळीस नवी झाडं, सगळ्यांना एकसारख्या छापील पट्ट्या, फक्त आकडे. निरोगी कोण, रोगट कोण, ते वहीत. मायशी करार केला, पूजा करायची तर धुऱ्यावर, झाडांना हात नाही. माय म्हणाली, "देवाले काय, तो धुऱ्यावरून बी पाह्यते."

नमुने घ्यायच्या आठवड्यातच चुलतबहिणीचं लग्न आलं. मी हळदीच्या कार्यक्रमाला फिरकलेसुद्धा नाही! कपाळाला हळदीचा कण लागू दिला नाही. नवरीनं तोंड फुगवलं, काकू महिनाभर बोलली नाही. बोलू नका म्हटलं, हळदीनं एकदा संसार उठवलाय माझा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात गेले आणि चाळीसच्या चाळीस झाडं स्वतःच्या हातानं उपटली. बाबांनाही हात लावू दिला नाही. त्यांनी फक्त फोटो काढले.

मुदत संपायच्या आठवडाभर आधी सादरीकरण झालं. हळदीचा ठिपका गायब. दही गायब. ते गच्च जाळं विरून गेलं होतं आणि त्या जागी छोटंसं एक जाळं उरलं होतं, मातीतले दोन जिवाणू, मुळातलं एक रसायन आणि तुरीचं एक जनुक. चारच ठिपके, पण मॅडमनी चारी बाजूंनी हलवून पाहिलं आणि ते हललं नाही. सर पुढं झुकून बघत होते. "हे छोटं आहे," ते म्हणाले, "आणि मला खरं वाटतंय. याच्या मागं लाग."

नोंदणी वाचली! मला तिथंच नाचावंसं वाटलं. मी थांबले असते तर किती बरं झालं असतं! पण सरांनी पडद्याच्या कोपऱ्यात बोट दाखवलं. "आणि हा एकटा ठिपका कोणता? याला एकही रेघ नाही."

"सर, ते एक रसायन आहे. चाळीसही झाडांत सापडलं, निरोगीत आणि रोगटात अगदी सारखंच. म्हणून ते कशालाच जोडलेलं नाही." इथं माझ्या अंगात पुन्हा संचारलं. "सर, तुरीत हे आजवर कुणी पाहिलेलं नाही! रंगद्रव्य आहे. मला वाटतं, हा एक स्वतंत्र शोध..."

"वैशाली," मॅडम म्हणाल्या, "पुढचं चित्र लाव."

पुढचं चित्र नमुने घेतानाचं होतं, बाबांनी काढलेलं. मी वावरात उभी, चेहरा हसरा, दोन्ही हातांत नुकतीच उपटलेली तूर. आणि त्या दोन्ही हातांवर, बोटांपासून थेट कोपरापर्यंत, गडद, रंगलेली, ताजी मेंदी. हातमोजे? होते ना! फोटोत तेही दिसतात, खिशातून डोकावताना.

सरांना या वेळी खुर्ची द्यावी लागली नाही, ते आधीच बसलेले होते.

बाहेर येऊन मायला फोन लावला. आधी नोंदणी वाचल्याचं सांगितलं. ती फोनवरच रडली, मीही रडले. मग हळूच मेंदीचं सांगितलं. पलीकडं नाक पुसल्याचा आवाज आला. मग माय म्हणाली,

"काऊन वं, माह्या हातची हळद निंगाली तं अख्ख्या गावासमोर मले विचारलं. आता सोताच्या हातची मेंदी निंगाली, तं कोनाले विचारशीन?"